जाळ दिसेल अशी ग्रिल

आमच्या इमारतीत कोणाच्या घरची दिनदर्शिका फाटली तर ते दुसरी आणत नाहीत, आमच्या दारावरची घंटी वाजवतात. "कुसुमताई, चतुर्थी आज का उद्या?" मी सांगते. मग पुन्हा सांगते, कारण पहिल्यांदा माझा आवाज पोचत नाही. देवाने मला आवाज दिला तो देवघरापुरता. ऑटोवाल्याला "थांबा" म्हटलं तर तो पुढच्या चौकात थांबतो.

सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष आणि मार्गशीर्ष लागला की गुरुवार. माझे उपास इतके की मी जेवते तरी कधी, याचंच लोकांना नवल वाटतं. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. पुढे जे झालं ते समजायला एवढं ठाऊक असलेलं बरं.

तर मार्गशीर्षाच्या सुरुवातीला आमची गॅसची शेगडी बिघडली. जाळ पिवळा पडायला लागला, भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली. दुसऱ्या कोणाच्या घरी संध्याकाळपर्यंत नवी शेगडी आली असती. पण आमचे हे, म्हणजे रुपराव, पाटबंधारे खात्यात अभियंता होते. यांच्या हिशेबात धरण बांधणं आणि भिंतीत खिळा ठोकणं यांत फरक नाही. आधी पाहणी, मग अहवाल, मग काम. त्यातच डॉक्टरांनी यांचं तळलेलं बंद केलं होतं. आणि त्याच आठवड्यात आमच्या अंकुशचा पुण्याहून फोन आला.

"बाबा, नुसती शेगडी काहून घेता? गॅसची ग्रिल घ्या. भाज्या भाजा, पापड भाजा, वांगं भाजा. वर तवा ठेवला की पोळ्या होते. तेलाचा थेंब लागत नाही."

"रोजच्या स्वयंपाकाले चालते का ते?"

"धावते बाबा!"

झालं. जरीपटका बाजारातल्या एका दुकानात 'जुनी शेगडी आणा, सूट न्या' अशी योजना होती. यांनी दुपारीच शेगडी स्कूटरवर पायांजवळ ठेवली, दुकानात नेऊन दिली आणि सवलतीचं कुपन घेऊन घरी आले. ग्रिल कोणती घ्यायची ते मात्र ठरलं नव्हतं.

"अहो, मग तोवर स्वयंपाक?" मी विचारलं.

"काय?"

"स्वयंपाक."

"अवं, ते प्रेमिलाची विजेची शेगडी आहे ना पडून. चार दिवसाचा तर प्रश्न आहे. घाईघाईत कालवा बांधला की काय होते, मी पाह्यलं आहे."

प्रेमिला आमच्या समोरच्या दारात राहते, शाळेत शिकवते. तिने ती शेगडी आनंदाने दिली. काळी, गुळगुळीत काच. वर भांडं ठेवलं की गरम होणार, उचललं की थंड. मी कणीक मळली, तवा चढवला, आणि नेहमीप्रमाणे कणकेची बोराएवढी गोळी तुपात बुडवून हात पुढे केला. हात तसाच राहिला. जाळच नव्हता.

हे आता नीट सांगायला पाहिजे. पहिली पोळी तव्यावर पडायच्या आधी मी रोज तेवढी गोळी जाळावर देते. अग्नीचा घास. माहेरी उमरेडला आई चुलीत द्यायची, मी गॅसवर देते. तो दिल्याशिवाय शिजवलेलं मी तोंडात घालत नाही. माझ्या सगळ्या व्रतांत हे सर्वांत लहान. याला तिथी नाही, पारणं नाही, उद्यापन नाही, पुरणपोळी तर नाहीच नाही. म्हणून ते कोणाला माहीतही नव्हतं. यांनाही नाही, कारण मी कणकेला हात लावते तेव्हा हे पेपर घेऊन बाल्कनीत असतात.

मी तवा उचलून गोळी काचेवर ठेवून पाहिली. यंत्राने शिट्या वाजवायला सुरुवात केली, जशी काही मी रेल्वे फाटक ओलांडत होते. मग देवघरातल्या निरांजनाला गोळी दिली. निरांजन बुडालं. भरल्या घरात सकाळी निरांजन विझलं म्हणून मी आणखी एक माळ ओढली आणि तो नाद सोडला. कापूर सुचला, काडेपेटी सुचली. पण ज्या जाळावर आपलं अन्न शिजतं, घास त्याचा. राबला एक आणि आभार मानले तिसऱ्याचे, असं कसं चालेल?

मी यांना पोळीभाजी वाढली आणि स्वतः संत्री सोलून बसले. यांनी पाहिलं आणि जेवू लागले. बायको ताटाऐवजी संत्रं घेऊन बसली, यात आमच्या घरी पाहण्यासारखं काही नसतं.

तुम्ही म्हणाल, सांगायचं ना. किती वेळा ओठांवर आलं. पण एवढीशी गोष्ट सांगितली की मोठी होते. हे लगेच विचारणार, कोणत्या पोथीत आहे, पर्यायी व्यवस्था काय. शिवाय व्रत बोलून दाखवलं की ते व्रत उरत नाही, पाटी होते. असं मी मनाला समजावलं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. यांना आपणहून दिसतं का, हे मला पाहायचं होतं. मी गप्प होते ती नम्रतेने की हट्टाने, हे मला देवापुढे बसूनही ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी मुठीत धरून प्रेमिलाकडे गेले. शेगडी तिची, तर जाळही तिच्याच घरचा चालेल, असं मनाशी ठरवून कढीपत्ता मागायचं निमित्त केलं. तिच्या गॅसवर भाजी रटरटत होती. ती कढीपत्ता धुवायला वळली तशी मी हळूच गोळी जाळाच्या कडेला सोडली आणि हात जोडले. वाईट मार्गाने का होईना, काम झालं होतं. तेवढ्यात तिने मागे वळून पाहिलं.

"थांबा थांबा ताई, काही पडलं वाट्टे!" तिने गॅस बंद केला, चिमट्याने गोळी उचलली, नळाखाली धरली, नाकाशी नेली. "कणीक आहे हो. उंदरानं आणली असन. मेला आता ओट्यावरही यायले लागला!"

मी कढीपत्ता घेऊन घरी आले. अग्नीच्या तोंडातला घास काढून धुतलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आणि माझ्या कुळाचाराचा उंदीर झाला होता. प्रेमिलाने संध्याकाळी पिंजरा आणून लावला, त्यात माझ्याच घरून पोळीचा तुकडा मागून नेला.

इकडे ग्रिलची पाहणी जोरात चालली होती. दिवाणावर माहितीपत्रकं पसरली होती. हे चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "याच्यात दोन बर्नर आहेत, पण झाकण हलकं आहे. त्याच्यात झाकण भारी आहे, पण चाकं नाहीत."

"चाकं कशाला? ग्रिल कुठं जाणार आहे?" मी विचारलं.

"काय?"

"काही नाही."

सोसायटीचे सचिव महादेवराव आमच्या वरच राहतात. त्यांना बातमी लागली तसे ते चहाला आले आणि बसलेच.

"रुपराव, गॅसवरचं भरीत म्हणजे भरीत नव्हे. भरताचं वांगं पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं पाहिजे. कापूस वेचून झाला की वावरातच पऱ्हाटी पेटवाची, वांगे टाकाचे. आहाहा."

"मग बाल्कनीत पऱ्हाटी पेटवू का?"

"छे! सोसायटीच्या नियमात बसत नाही. धूर माह्याच घरात येते ना." त्यांनी बिस्किट बुडवलं. "तसा गॅसचाही येतेच. पण तुम्ही घ्या. धूर निघणार नाही असंच घ्या. मी पाहणी करून परवानगी देईन."

"धूर नाही म्हणजे जाळ नाही, असंच घेतो," हे म्हणाले.

मी चहाचे कप उचलून आत गेले. आत जाऊन कोणाला काही ऐकू जाणार नाही असा एक सुस्कारा टाकला. तो बाहेर टाकला असता तरी ऐकू गेला नसता.

बाल्कनीत ग्रिल म्हणजे दुसरं सिलिंडर पाहिजे. गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर. एजन्सीत गेलो तर खिडकीतली मुलगी म्हणाली, आधी ओळख पटवा. मी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने मला ओळखलं नाही. तर्जनी ठेवली, तीही नाही. सगळी बोटं झाली.

"मॅडम, तुमच्या बोटाच्या रेघा घासून गेल्या आहेत. काय काम करता?"

काय सांगणार? रोज सहाणेवर चंदन उगाळते, हे काही काम म्हणून सांगता येत नाही. हे मध्ये पडले. "अहो, मी ओळखतो ना हिले. लग्नाची बायको आहे."

"सर, तुम्ही ओळखून चालत नाही. मशीननं ओळखलं पाहिजे."

ते वाक्य माझ्या मनात बराच वेळ फिरत राहिलं.

मग चेहरा दाखवायचं ठरलं. मुलीने फोन माझ्यासमोर धरला. "मॅडम, डोळे मिटा आणि उघडा." मी डोळे मिटले. आता माझे डोळे मिटले की जीभ आपोआप नामाला लागते, ती सवय मोडत नाही. मिटले ते मिटलेच राहिले. रांगेतला एक जण म्हणाला, "झोपल्या का?" मुलगी ओरडली, "मॅडम, उघडा, उघडा!" मी दचकून उघडले तोवर फोनने नापास केलं होतं. पुन्हा मिटले, पुन्हा तेच. शेवटी यांनी माझा खांदा धरून "आता!" म्हणून हलवलं, तेव्हा यंत्राला मी पटले. उठताना मला जरा गरगरलं. संत्री, केळी आणि खजूर यांवर माणूस जगतो, पण रांगेत उभा राहू शकत नाही.

घरी परतताना जिन्यात प्रेमिला भेटली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"ताई, तुमच्या चेहऱ्यावर काय तेज आलं हो! गुरुवारचं व्रत लागलं वाट्टे."

आणि ती चक्क वाकून पाया पडली. मी कठड्याला धरून उभी होते. ते तेज नव्हतं बाई, भूक होती. पण पाया पडणाऱ्याला हे सांगायचं कसं? मी आशीर्वाद दिला आणि पायरीवर बसून घेतलं. तिला वाटलं, मी ध्यान लावलं.

त्या बुधवारी आम्ही जरीपटक्याला गेलो. यांचा अहवाल तयार होता. फक्त शेवटची निवड राहिली होती.

दुकानात ग्रिली ओळीने उभ्या होत्या, लग्नातल्या बँडवाल्यांसारख्या चकचकीत. दुकानदार तोंडाने गोड होता. त्याने मधल्या ग्रिलचं झाकण उघडलं.

"याची खासियत पाहा साहेब. जाळ दिसतच नाही! खाली बर्नर, वर पूर्ण पत्रा. आच लागते, पण आग दिसत नाही. भडका नाही, धूर नाही. एकदम सेफ."

"वा!" हे म्हणाले.

"आणि ही?" मी बाजूच्या ग्रिलकडे बोट दाखवलं.

"हिच्यात तर जाळ काचेच्या मागं असते, ताईजी."

"आणि ती?"

"तिच्यात नळ्याच दिसत नाहीत. नवा माल आहे. आजकाल आग कोणाला पाहायची आहे?"

मी सगळं बळ एकवटलं. "जाळ उघडा असेल अशी एखादी..."

"काय म्हणाल्या?" दुकानदाराने यांना विचारलं.

"गॅरंटीचं विचारत असन," हे म्हणाले. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोचं वाक्य ऐकावं लागत नाही, अंदाजाने कळतं.

दुकानदाराने प्रात्यक्षिक म्हणून पनीर आणि सिमला मिरची भाजली. तिचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाजल्या मिरचीने येतं तसं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्याने कागदाच्या ताटलीत चार तुकडे घालून पुढे केले.

"घ्या ताईजी."

मी मान हलवली.

"तिचा उपास आहे," हे एक तुकडा तोंडात टाकत म्हणाले.

"आज?" दुकानदाराचा चिमटा थांबला. "आज कायचा उपास साहेब? माझी आई सगळे उपास पकडते. आज तर घरी कढी-भात आहे."

"असते काही ना काही," हे हसून म्हणाले. मग हसू जरा कमी झालं. "चतुर्थी..." चतुर्थी होऊन गेली होती. "एकादशी..." ती लांब होती. "गुरुवार..." भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे यांनी पाहिलं. बुधवार होता. यांच्या गालात पनीर तसंच होतं.

"काल तू काय खाल्लं?"

"संत्रं."

"परवा?"

"खजूर." ग्रिलचं एक खोकं बाजूला होतं, त्यावर हे बसले.

"अवं, आज कायचा उपास आहे?"

"कायचाच नाही," मी म्हणाले.

दुकानातलं सगळं त्या क्षणी गप्प होतं, म्हणून असेल, माझा आवाज पोचला. मग मी सांगितलं. गोळीचं सांगितलं, निरांजनाचं सांगितलं, उंदराचंही सांगितलं. उभ्या आयुष्यात मी इतकं एका दमात बोलले नव्हते. दुकानदार चिमटा धरून ऐकत राहिला. पनीर जळालं.

"इतके दिवस मले सांगता नाही आलं तुले?"

"तुम्ही अहवाल मागितला असता."

हे हसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली. "धरणाच्या भिंतीले ओल आली तर मी दुरून सांगत होतो," एवढंच म्हणाले, आणि ते माझ्यापेक्षाही हळू म्हणाले. मला वाटलं होतं यांना कळेल तेव्हा मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. समोर खोक्यावर एक म्हातारा माणूस बसला होता आणि मला वाटलं, आपण उगाच याची परीक्षा घेतली. परीक्षेची तारीख न सांगता.

मग हे उठले आणि दुकानदाराला म्हणाले, "तो पत्रा काढा."

"साहेब, वॉरंटी जाते!"

"जाऊ द्या."

"साहेब, पत्रा गरम आहे!"

"मंग सांडशी आणा."

पत्रा निघाला. खाली निळ्या जाळाची रांग लागली होती, एकदम नीट, देवळात पणत्या लावल्यासारखी. दुकानदाराकडे कुलचे भाजून दाखवायला मळलेला मैदा होता, त्यातली चिमूट त्याने दिली. तूप नव्हतं, लोणी होतं. मी गोळी केली, हात पुढे नेला, आणि मनात आलं ते विचारलं.

"सकाळी याच्यावर काय भाजलं होतं?"

दुकानदाराने यांच्याकडे पाहिलं, मग छताकडे. "खोटं नाही बोलणार, ताईजी. सकाळी तंगडी होती."

अग्नीला विटाळ नसतो, हे मी पोथीत वाचलं होतं. वाचून डोळ्यांना लावलं होतं. पण आपल्या देवघरात बसून ते मानणं सोपं असतं. जरीपटक्यात, रस्त्यावरचे लोक डोकावत असताना, कोंबडीच्या तंगडीनंतर मानायचं म्हणजे खरंच मानावं लागतं. हे 'टाक' म्हणाले नाहीत की 'राहू दे' म्हणाले नाहीत. फक्त माझ्याकडे पाहत उभे राहिले, आणि मला आठवेना की हे याआधी असे कधी उभे राहिले होते.

जाळाने कोंबडी पाहिली होती, पनीर पाहिलं होतं. त्याने कोणालाच नाही म्हटलं नव्हतं. मी गोळी दिली. ती फुगली, तांबूस झाली, काळी झाली. वास आला तो आमच्या घरासारखाच.

मग मी पनीर खाल्लं. दुकानदाराने नवं भाजून दिलं. त्यात लसूण होता. चातुर्मास संपलेला होता, तेव्हा तोही चालला. मी उभ्यानेच खाल्लं, आणखी मागून घेतलं, आणि "आणखी द्या" हे त्याला पहिल्यांदाच ऐकू गेलं.

आमच्यासाठी त्याने गोदामातून एक जुनी ग्रिल काढून आणली. दोन बर्नर, वर नुसती जाळी, ना पत्रा ना काच. कोणी घेत नाही म्हणून पडलेली. यांच्या अहवालात ती कुठेच नव्हती. यांनी तिला वाकून चारही बाजूंनी पाहिलं, जाळ लावून पाहिला, आणि कुपन टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. माझा उपास, खराखुरा. म्हणून ग्रिल पेटली ती शुक्रवारी सकाळी. मी कणीक मळली. बाल्कनीत यांचा पेपर घडी न उलगडता खुर्चीवर होता आणि हे माझ्या शेजारी उभे होते, अंघोळ करून. देवळात घंटा वाजवायलाही हात वर न करणारा माणूस.

मी माझी गोळी दिली.

"मी देऊ का?" यांनी विचारलं.

मी परात पुढे केली. यांनी चांगली लिंबाएवढी गोळी वळली आणि तुपाच्या वाटीत पार बुडवली.

"अहो, एवढी मोठी?"

"पहिलीच आहे ना माही. लहान दिली तर दिसाची नाही."

ती गोळी बर्नरवर धपकन पडली. तुपाने भडका उडाला, मग अर्धा जाळ विझला, आणि मग जो धूर निघाला तो पऱ्हाटीलाही निघाला नसता. तो सरळ वर गेला. वरच्या बाल्कनीत खोकला ऐकू आला.

"रुपराव! अहो रुपराव! काय जळून राहिलं?"

यांनी डोळे पुसले. दुसऱ्या बर्नरवर तोवर उतरलेली पहिली पोळी माझ्या ताटात ठेवली, ताट माझ्या हातात दिलं, आणि कठड्याबाहेर वाकून साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडले,

"काहीच जळून नाही राहिलं, महादेवराव! बायको जेवून राहिली!"